तीन सह्यांचा अर्ज

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी खात्यात होतो. वर्षातून एकदा तिथे हवेची तपासणी व्हायची. खासगी लॅबचा एक मुलगा यायचा. फेटलिंगमधल्या एखाद्या कामगाराच्या पट्ट्याला तो मोबाइलएवढा पंप अडकवायचा, नळी पाठीवरून खांद्यावर घ्यायचा आणि कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, एक छोटी डबी टाचायचा. डबीत गोल फिल्टर पेपर. पंप दिवसभर हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार, मग लॅबमध्ये त्या कागदाचं वजन होणार. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जादा लोखंड ग्राइंडरने काढून टाकायचं काम. फौंड्रीतली सगळ्यात वाईट धूळ इथली. वाळू म्हणजे सिलिका, आणि तिची बारीक धूळ एकदा फुफ्फुसात खोल गेली की तिथेच राहते.

तपासणीच्या दिवशी धूळ जरा कमीच असायची. चारांतले दोन ग्राइंडर नेमके त्या दिवशी 'मेंटेनन्सला' असायचे आणि सकाळीच जमिनीवर पाणी मारलेलं असायचं. एका वर्षी डबी ज्याच्या कॉलरला लागली होती, तो पन्नाशीचा माणूस सुट्टीच्या वेळी माझ्या टेबलाशी आला. "सायेब, दिवसभर ह्ये गळ्यात घेऊन मी फिरलो. आकडा किती आला, मला कळंल का?" रिपोर्ट ऑफिसला येईल, असं मी त्याला सांगितलं. रिपोर्ट आला, फाइलला लागला, फाइल कपाटात गेली. आकडा मी पाहिला होता. त्याला सांगितला नाही. माझी नोकरी नवी होती.

कागदावरची धूळ त्याच्या श्वासातली, आकडा मात्र मालकाचा. कामाच्या जागेवरच्या धोक्यांवर सरकारांनी केलेल्या संशोधनाचा इतिहास मी पुढे वाचत गेलो तो हा हिशोब डोक्यात ठेवून. माझं मत असं झालंय की संस्था किती आणि यंत्रं कोणती यावर हे संशोधन जोखू नये. संशोधकाला कारखान्याचं दार कोण उघडतं आणि निकाल कोणाच्या हातात पडतो, एवढंच बघावं. आपल्याकडे या दोन्ही ठिकाणी मालक उभा आहे.

संस्थांची आपल्याला उणीव नाही. १९६६ हे एकच साल घ्या. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट स्वतःच्या वास्तूत सुरू झाली. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, जिच्या नावाने आजही एमआयडीसीत बिल्ले लावले जातात, शपथ होते आणि घोषवाक्य स्पर्धेतल्या पहिल्या तिघांना स्टीलचे डबे मिळतात. त्याच वर्षी अहमदाबादला व्यवसायजन्य आजारांवर संशोधन करणारी संस्था निघाली. १९७० पासून ती राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था झाली. या संस्थांतल्या माणसांनी काम केलं नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. अहमदाबादच्या संस्थेचं एक काम तर प्रत्येक मराठी घराशी जोडलेलं आहे.

पाटीवरची पेन्सिल. आपण ती खाल्ली, आईने धपाटा घातला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. ही पेन्सिल मोठ्या प्रमाणात यायची ती माळव्यातल्या मंदसौरहून. खाणीतला पाटीचा दगड कापून तिच्या कांड्या करायच्या. हाताने कापायचे तोवर धूळ बेताची होती. विजेवर फिरणारी गोल करवत आली आणि काम झटपट होऊ लागलं, तशी धूळही. अहमदाबादच्या संशोधकांनी तिथल्या ५९३ कामगारांची तपासणी केली. त्यातल्या ३२४ जणांच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या, एक्स-रेमध्ये सिलिकॉसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, दिसला. १०५ जणांचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला होता, जिथे फुफ्फुसात गाठीच्या गाठी जुळून जातात. १९८५ मध्ये हा अभ्यास एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दरम्यान १९८२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदाही केला होता. म्हणजे संशोधन झालं, चांगलं झालं, सरकारही हललं. मग दुखणं कुठे आहे? दुखणं क्रमात आहे. करवती येऊन, धूळ उडून, माणसं खोकायला लागून, गावात विधवांची संख्या डोळ्यांत भरल्यावर संशोधक पोचले. करवत लागली त्या वर्षी कापणाऱ्याला छाती जड वाटली असणारच. ते त्याने सांगायचं कोणाला?

सांगायची वाट कामगारांनी आपल्याकडे फार पूर्वी शोधली होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा पुरेसा नाही म्हणून सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन आयोगासमोर ठेवलं. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. सरकारी चौकशीला कामगारांनी स्वतः पुरवलेला हा पुरावा होता. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली.

या रविवारचा एक वैद्यकीय उपयोगही आहे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस ओळखायची जुनी खूण म्हणजे सोमवार. एक दिवस छातीला धूळ नसते, सोमवारी गिरणीत कापूस पिंजायच्या ब्लोरूममध्ये किंवा कार्डखात्यात पाऊल टाकलं की दुपारपर्यंत छाती आवळते, मंगळवारी जरा सैल पडते. आजार वाढला की मंगळवारही जातो, मग बुधवार, आणि शेवटी सगळे वार सारखेच. डॉक्टरची पहिली चौकशी म्हणूनच एवढीच असते: कुठल्या वाराला दम लागतो? लालबागच्या चाळीत याचं उत्तर घरातल्या बाईलाही तोंडपाठ असायचं. माझी आजी म्हणायची, "सोमवारी ह्यांना काही बोलू नये." तिला तो रागाचा वार वाटायचा. परळच्या केईएममध्ये डॉ. एस. आर. कामतांसारख्यांनी गिरणी कामगारांच्या छातीचा अभ्यास केला, तो मुख्यतः १९७० नंतरच्या काळात. म्हणजे सोमवारची माहिती घराघरांत होती आणि ती शास्त्रात नोंदवली जायला तीन पिढ्या गेल्या. गिरण्या त्यानंतर फार वर्षं चालल्याच नाहीत.

आता जरा अमेरिकेकडे वळतो. तिथलं सगळं चांगलं म्हणून नव्हे, तर दार आणि निकाल या दोन्ही बाबतींत तिथे आधी सपशेल चुकले आणि मग एक कलम बरं जमलं म्हणून.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कारखान्यांतल्या विषारी धंद्यांची पाहणी करायचं ठरवलं आणि हे काम डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्याकडे आलं. शिशाच्या विषबाधेवर त्यांनी काम केलं; पुढे केंद्र सरकारसाठीही त्या अशाच पाहण्या करत राहिल्या. कारखान्यात शिरायचा कायदेशीर हक्क त्यांना नव्हता. मालकाने 'या' म्हटलं तर आत, नाहीतर बाहेर. म्हणून त्यांनी दुसऱ्या दारांनी जायला सुरुवात केली: इस्पितळाच्या नोंदी, औषधांची दुकानं, कामगारांची घरं. बाथटबला मुलामा देणारा एक कामगार त्यांना शिशाने आजारलेला सापडला. त्याच्या कारखान्यात त्या गेल्या तर तिथे शिशाचा मागमूस नव्हता. कामगाराने सांगितलं, बाई, तुम्हाला शेवटचा हात मारतात ती जागा दाखवली. खरा मुलामा दुसरीकडे देतात. माझ्या फौंड्रीतले मेंटेनन्सला गेलेले दोन ग्राइंडर मला इथे आठवतात.

त्याच १९१० मध्ये तिथे ब्यूरो ऑफ माइन्स निघाला. त्याआधी तीन वर्षं, १९०७ मध्ये, मोनोंगाच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ३६२ माणसं मेली होती. ब्यूरोने स्फोट का होतात, वायू कसा साठतो, सुटका कशी करावी यावर बरंच काम केलं. पण खाणीत मालकाच्या परवानगीवाचून तपासणीला जायचा अधिकार त्याला मिळाला १९४१ मध्ये. एकतीस वर्षं हे संशोधक दारावरची कडी वाजवून आत जात होते.

निकाल कोणाचा, या प्रश्नाचं तर त्याहून वाईट उदाहरण आहे. १९५० पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. त्यात नवाहो जमातीचे पुष्कळ लोक होते. खाणीतल्या रेडॉन वायूने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे युरोपातल्या खाणींवरून संशोधकांना ठाऊक होतं. पण खाणमालकांनी आत सोडायला अट घातली की कामगारांना घाबरवायचं नाही, आणि खात्याने ती मान्य केली. डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, छाती तपासायचे, मोजमापं लिहून घ्यायचे आणि माणसाला पुन्हा त्याच खाणीत जाऊ द्यायचे. शास्त्र म्हणून तो अभ्यास मोलाचा ठरला. किरणोत्साराच्या मर्यादा ठरवायला त्याचे आकडे जगभर वापरले गेले. आणि ज्यांच्या छातीतून ते आकडे आले, त्यांच्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. सरकारी संशोधन म्हणजे आपोआप जनतेच्या बाजूचं, असा भाबडा समज माझा याच ठिकाणी मोडला.

नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण मेले. पुढच्याच फेब्रुवारीत, कोळशाच्या धुळीने होणाऱ्या काळ्या फुफ्फुसाच्या आजाराला भरपाई द्या म्हणून त्या राज्यातले हजारो खाणकामगार काम बंद करून बसले. त्या रेट्यात आधी १९६९ चा कोळसा खाणींचा कायदा आला आणि २९ डिसेंबर १९७० ला सगळ्या कामांच्या जागांसाठी सुरक्षा व आरोग्याचा कायदा झाला. या कायद्याने दोन वेगळ्या संस्था केल्या. नियम करणारी आणि दंड ठोकणारी ओशा कामगार खात्यात. संशोधन करणारी नायोश आरोग्य खात्यात. करोनात आपण तोंडाला लावत होतो त्या मास्कवरचं एन-९५ हे नाव याच नायोशच्या प्रमाणनातलं. ९५ म्हणजे हवेतले निदान ९५ टक्के सूक्ष्म कण अडले पाहिजेत. भाजी आणायला जाताना आपण तो वापरला, पण नियम केला होता तो धुळीत काम करणाऱ्यांसाठी.

माझ्या दृष्टीने त्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मास्क नव्हे, एक अर्ज आहे. एखाद्या ठिकाणच्या तीन कामगारांनी सही करून नायोशला कळवायचं, इथे आम्हाला अमुक त्रास होतोय, कशाने ते बघा. युनियनच्या प्रतिनिधीनेही चालतं. माणसंच तीन किंवा त्याहून कमी असतील तर एकाची सही पुरते. संस्थेला आत जायचा हक्क आहे, तपासणी फुकट आहे, अर्जदारांची नावं मालकापासून गुप्त ठेवता येतात, आणि अहवाल मालकाला जातो तसा कामगारांनाही जातो व जाहीर होतो.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडेही तक्रार करता येते. येते. फॅक्टरी कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने, म्हणजे भोपाळनंतर, कलम १११-अ आलं: कामगाराला आरोग्य व सुरक्षेची माहिती मालकाकडे मागता यायची, थेट इन्स्पेक्टरकडेही जाता यायचं. तक्रार करणाऱ्याचं नाव इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं, हेही त्या कायद्यात होतं. पण तक्रार करायला आधी नियम मोडलेला असावा लागतो. जो आजार अजून पुस्तकात नाही, ज्या वाफेची मर्यादाच ठरलेली नाही, तिथे कोणता नियम मोडला म्हणून सांगणार?

मिसुरी राज्यातल्या जॅस्परच्या पॉपकॉर्न कारखान्याचं बघा. २००० साली तिथल्या आठ माजी कामगारांना फुफ्फुसाचा एकच दुर्मीळ आजार झाल्याचं लक्षात आलं. बारीक श्वासनळ्या चट्टे पडून बंद होतात, इन्हेलर लागू पडत नाही. त्यातल्या काहींची नावं फुफ्फुस बदलण्याच्या यादीत होती. इथे नायोशला बोलावलं ते राज्याच्या आरोग्य खात्याने. संशोधकांनी कोण कुठे उभं राहतं ते पाहिलं. सगळ्यात जास्त त्रास गरम तेलात लोण्याचा कृत्रिम स्वाद ओतून ढवळणाऱ्यांना. स्वादात डायअसेटिल होतं. खायला सुरक्षित म्हणून मान्य झालेला पदार्थ. तो हुंगला तर काय होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. इन्स्पेक्टर त्या कारखान्यात गेला असता तर त्याला मोडलेला असा एकही नियम सापडला नसता. तिथे दंड करणारा माणूस उपयोगाचा नव्हता. 'काय होतंय?' असं विचारणारा हवा होता.

आपल्या कायद्यातही सर्वेक्षणाची तरतूद नवी नाही. १९७६ मध्ये फॅक्टरी कायद्यात कलम ९१-अ आलं: मुख्य निरीक्षक किंवा केंद्राची संस्था कारखान्यात सुरक्षा व आरोग्याचं सर्वेक्षण करू शकत होती. मालकाला लेखी नोटीस देऊन. सर्वेक्षण करायचं हे ठरवणार अधिकारी, कळणार मालकाला, आणि अहवाल जाणार राज्य सरकारला. या त्रिकोणात कामगार फक्त कॉलरपुरता येतो.

फौंड्रीतल्या माझ्या एका जुन्या साहेबांना मी हा तीन सह्यांचा प्रकार सांगितला तेव्हा ते उखडले. "म्हणजे पुन्हा इन्स्पेक्टर राज! तीन टगे एकत्र येतील आणि मला वेठीला धरतील." त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, लहान उद्योजकाने खात्याची माणसं कशी हाताळली आहेत, ते मी जवळून पाहिलंय. पण त्यांच्या भीतीचा इलाज याच रचनेत आहे. संशोधन करणाऱ्या संस्थेच्या हातात दंडाची पावती नसते. ती येते, मोजते, विचारते, लिहून देते. तिला पाकीट देऊन फायदा नाही, कारण तिच्याकडे माफ करण्यासारखं काही नसतं. आपण मात्र ९१-अ मध्ये सर्वेक्षणाचा अहवाल हा निरीक्षकाचाच अहवाल मानला. त्यामुळे मोजणारा आणि पकडणारा मालकाच्या नजरेत एक झाले, आणि सॅम्पलिंगच्या सकाळी जमिनीवर पाणी पडू लागलं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कामगार सही करणारच नाही. कंत्राटी पोरगा, बिहारचा नाहीतर बीडचा, ठेकेदाराच्या खोलीत राहणारा, तो कशाला सही करेल? बहुतेक नाही करणार. म्हणून युनियनला, सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरला, ईएसआयच्या दवाखान्यालाही हा अर्ज करता आला पाहिजे. एकाच पत्त्यावरून धाप लागलेले चार पेशंट आले की डॉक्टरला संशय येतोच. आज तो संशय केसपेपरवर 'सीओपीडी', म्हणजे श्वासाचा जुनाट विकार, एवढं लिहून संपतो.

अमेरिकेचं गाडंही रुळावर आहे असं नाही. १ एप्रिल २०२५ ला नायोशच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना एका झटक्यात कमी करायचं तिथल्या सरकारने ठरवलं. खाणकामगारांचे एक्स-रे काढणारा कार्यक्रमही थांबला. काळं फुफ्फुस संपत आलं असं वाटत असताना ते पुन्हा वाढतंय, हे दाखवणारं काम याच संस्थेचं: व्हर्जिनियातल्या केवळ तीन दवाखान्यांत पुढच्या टप्प्याचे ४१६ रुग्ण तिच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदवले होते. एक्स-रेच थांबले तर वाढही दिसायची थांबते. एक खाणकामगार कोर्टात गेला आणि मे महिन्यात न्यायाधीशांनी ते काम पुन्हा सुरू करायला लावलं. कोर्टात जायला त्याच्याकडे आधार होता, कारण एक्स-रे हा त्याचा कायद्याने दिलेला हक्क होता, संस्थेची कृपा नव्हे.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि जुना फॅक्टरी कायदा गेला. सर्वेक्षणाचं कलम तिच्यातही आहे. पण कारखाना कशाला म्हणायचं त्याची मर्यादा वीज वापरणाऱ्यांसाठी दहा कामगारांवरून वीसवर गेली. फेटलिंगचं काम बाहेर देणाऱ्या कितीतरी जागा आठ-दहा माणसांच्या पत्र्याच्या शेड आहेत. धोकादायक कामाच्या अगदी एका माणसाच्या जागेलाही संहिता लावायची मुभा सरकारने ठेवलीय. मुभा ही अधिसूचना निघेपर्यंत मुभाच. राज्याच्या नियमांत एक पान घालायला संसदेत जावं लागत नाही. सायनची संस्था आहे, अहमदाबादची आहे, पंप आहेत, तराजू आहेत, शिकलेली माणसं आहेत. त्यांना मालकाच्या पत्राने बोलावता येतं, सरकारच्या आदेशाने बोलावता येतं. त्यात फेटलिंगच्या तिघांना बोलावता येईल एवढी भर घालायची आहे.

नायोशच्या अर्जाचा नमुना मी पाहिलाय. लांबलचक नाही. कुठल्या खात्यात काम करता, कशाशी संबंध येतो, किती माणसं, काय त्रास होतो. आणि मग एक चौकट: तुमचं नाव मालकाला सांगितलं तर चालेल का? हो किंवा नाही. मराठीत हा अर्ज कधी छापला गेला तर त्याखाली आणखी एक ओळ हवी. निकाल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा?